दातांच्या उपचारानंतर पूर्ववत जेवण : घाई नको, दिरंगाईही नको

रायपूर : दाढ काढून किंवा रूट कॅनल करून दवाखान्याबाहेर पडणाऱ्या रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा 'आता जेवू केव्हा?' हाच असतो. टाटीबंध येथील एम्स असो वा शासकीय दंत महाविद्यालय, रायपुरात दूरच्या गावांतून येणारे अनेक रुग्ण उपचार आटोपताच परतीच्या बसला लागतात. पुढची पथ्ये त्यांना घरीच सांभाळावी लागतात, आणि चुका होतात त्या तेथेच.

भूल उतरेपर्यंत काहीही चावू नये, हा पहिला नियम. खालच्या जबड्याची बधिरता 2 ते 4 तास टिकते. त्या अवस्थेत ओठ, जीभ किंवा गाल चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हे हमखास घडते. गरम चहाने तोंड पोळल्याचेही भूल उतरल्यावरच उमगते.

दाढ काढल्यानंतर हिरडीच्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते. ती जखमेवरचे नैसर्गिक झाकण असते. पहिल्या 24 तासांत जोराने चूळ भरणे, वारंवार थुंकणे, नळीने पेय ओढणे किंवा कढत पदार्थ खाणे यांमुळे ती निसटू शकते. ती निसटली की हाड उघडे पडते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. यालाच दंतवैद्य 'ड्राय सॉकेट' म्हणतात. 24 तासांनंतर मात्र कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करणे हितावह ठरते.

छत्तीसगढमध्ये याला आणखी एक पैलू आहे. तंबाखू आणि गुळाची काकवी यांपासून बनणारा 'गुडाखू' येथे हिरड्यांवर चोळण्याची सवय, विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्येही, रुजलेली आहे. दाढ दुखली की गुडाखू लावणारे पुष्कळ. परंतु तंबाखूमुळे जखमेचा रक्तपुरवठा घटतो, ती भरण्यास विलंब लागतो आणि चोळणाऱ्या बोटाने गुठळी हलण्याची भीती असते ती वेगळीच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही हाच धोका आहे.

पहिल्या दोन दिवसांचा आहार शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. भात पाण्यात भिजवून केलेली 'बोरे बासी' ही येथील कष्टकऱ्यांची न्याहारी. 2022 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी 1 मे रोजी ती खाण्याचे आवाहन केल्यापासून तिला राज्यभर नवी प्रतिष्ठा लाभली. थंड, मऊ आणि दह्यासह घेतल्यास काहीशी पौष्टिक अशी ही बासी रुग्णाला मानवते. मात्र सोबतची हिरवी मिरची व कच्चा कांदा वगळावा आणि शिते खळग्यात अडकू नयेत म्हणून घास दुसऱ्या बाजूने घ्यावा. मराठी घरांतील ताकभात, पेज किंवा मुगाची मऊ खिचडी हेच काम करतात. रायपूरच्या दूधाधारी मठाचे नाव केवळ दुधावर राहणाऱ्या महंतांवरून पडले, असे सांगतात. सामान्य रुग्णाने तो कित्ता गिरवण्याचे कारण नाही. वरण, अंडे, पनीर यांतील प्रथिने जखम भरण्यास आवश्यक असतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर जेवण टाळूच नये. रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते.

हिरडीची जखम वरून भरण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आतील हाड भरण्यास काही महिने. पोळ्याच्या सणातील ठेठरी-खुरमी किंवा महाराष्ट्रातील चकली अशा कडक पदार्थांसाठी तोवर धीर धरलेला बरा.

रूट कॅनलचे गणित निराळे आहे. तेथे वेदना लवकर शमते आणि रुग्ण निर्धास्त होतो. परंतु पोखरलेला दात कॅप बसेपर्यंत कमकुवत असतो; सुपारीच्या एका खांडाने तो उभा चिरला तर काढून टाकण्यावाचून अनेकदा गत्यंतर नसते. निळ्या प्रकाशाने कठीण केलेले दातांच्या रंगाचे फिलिंग लगेच चावण्यास योग्य होते, तर जुन्या पद्धतीच्या चांदीच्या फिलिंगला पूर्ण बळ येण्यास सुमारे 24 तास लागतात.

नव्या कवळीशी जमवून घेण्यास सर्वाधिक चिकाटी लागते. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या हिश्शाहून फारसा अधिक नसतो. समोरच्या दातांनी पेरू तोडू गेल्यास कवळी मागून उचलली जाते. लहान तुकडे करून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावणे, हे तंत्र काही आठवड्यांत अंगवळणी पडते. कंटाळून कवळी डब्यात ठेवणारे ज्येष्ठ मात्र चहा-बिस्किटांवर येतात, भाज्या व डाळी सुटतात आणि अशक्तपणाचे खापर वयावर फुटते. कवळी टोचत असेल तर ती घासून नीट बसवून घेता येते. त्यासाठी दंतवैद्याकडे पुन्हा जाणे हा उपचाराचाच भाग आहे.

तिसऱ्या दिवसानंतर वेदना घटण्याऐवजी वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर दंतवैद्याला दाखवावे. सूज गळ्याकडे उतरून गिळणे वा श्वास घेणे कठीण झाल्यास मात्र सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.