बिबट्याचा माहितीपट पाहताना चौकटीबाहेरचा माणूसही शोधा

पारगाव, मंचर, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात बिबट्या हा आता रोजचा विषय झाला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यात दोन मुले होती आणि एक वृद्ध महिला. संतप्त लोकांनी महामार्ग अडवला, वनविभागाची गाडी पेटवली आणि शेवटी एका बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या काळात मोबाईलवर बिबट्याच्या व्हिडिओंचा पूर आला. काही खरे, काही भलत्याच गावचे, तर काही एआयने बनवलेले.

अशा वेळी वन्यजीवांवरचे माहितीपट आपल्या तरुणांनी का पाहावेत आणि कसे पाहावेत, हे समजून घेणे गरजेचे आहे.

माहितीपटाची ताकद

चांगला माहितीपट कायदाही हलवू शकतो. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या व्हेल शार्कच्या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० साली केला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण दिले. या कायद्याचे संरक्षण मिळालेला हा देशातला पहिला मासा.

पण कॅमेरा फसवूही शकतो. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ (१९५८) या ऑस्करविजेत्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी समुद्रात उड्या घेऊन सामूहिक आत्महत्या करतात असे दाखवले होते. तो प्रसंग माणसांनी घडवून आणला होता, हे पुढे उघड झाले. मात्र लेमिंग आत्महत्या करतात हा समज जगभर अजून टिकून आहे. खोटे धडधडीत नसले तरी निवड असतेच. शेकडो तासांच्या चित्रीकरणातून पन्नास मिनिटे उरतात, आवाज आणि संगीत नंतर जोडले जाते. काय ठेवायचे, काय गाळायचे हे कुणीतरी ठरवलेले असते.

जुन्नरची गोष्ट कुठून सुरू होते?

‘बिबटे पकडून जंगलात सोडा’ ही मागणी आज प्रत्येक ग्रामसभेत होते. हा प्रयोग जुन्नर वनविभागात एकदा होऊन गेला आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाल्यावर हा आकडा १७ वर गेला. कारण समजण्यासारखे आहे. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या बिथरतो, आपल्या मुलखाकडे परत निघतो आणि वाटेत माणसांत येतो. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो.

त्याला इथे हवे ते सगळे मिळते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आले, पाण्यामागून ऊस आला. वर्षभर उभ्या असलेल्या उसात लपायला जागा आहे. गावात कुत्री, शेळ्या, वासरे आहेत. माद्या उसातच पिल्ले घालतात. त्या पिल्लांसाठी ऊस हेच घर असते.

याच अभ्यासातून ‘आजोबा’ या बिबट्याची गोष्ट पुढे आली. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडले, तर तो शंभरहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्यावर ‘आजोबा’ हा कथापट केला. बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ (२०१६) मालिकेतील शहरांवरच्या भागातही मुंबईचे बिबटे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवले आहेत. ही दृश्ये थक्क करणारी आहेत.

चौकटीबाहेर कोण राहते?

या भागात काम करताना एक गोष्ट सतत दिसते. बिबट्याचा धोका सगळ्यांना सारखा नाही. ज्याच्या घराला भिंत, दार, वीज आणि आत संडास आहे त्याची रात्र वेगळी. पारगावच्या भीमाशंकर कारखान्यासारख्या कारखान्यांसाठी बाहेरून येणारे ऊसतोड मजूर फडाशेजारी कोपी बांधून राहतात. पहाटे अंधारात आई-बाप फडात जातात, लेकरे तिथेच बांधावर असतात. मेंढपाळ उघड्या रानात वाडा लावतात. शेतीपंपाला रात्री वीज आली की पाणी धरायला जावेच लागते, आणि बऱ्याचदा गडीमाणूस जातो. यात भूमिहीन, दलित, भटके-विमुक्त, आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे बिबट्याचा प्रश्न हा वन्यजीवाचा आहे, तितकाच तो घर, वीज, संडास आणि मजुरीच्या अटींचाही आहे.

बहुतेक वन्यजीव माहितीपटांत हा माणूस दिसत नाही. दिसला तर बळी म्हणून किंवा अडाणी गर्दी म्हणून दिसतो. ‘जय भीम कॉम्रेड’साठी आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रीकरण केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. लोकांसोबत इतका काळ राहिले की लोक स्वतः बोलू लागतात. बिबट्याच्या प्रश्नालाही असाच कॅमेरा हवा.

पाहताना विचारायचे प्रश्न

१. या भागात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या भाषेत बोलू दिले आहे का, की फक्त निवेदक आणि अधिकारीच बोलतात?
२. प्राणी इथे का आला याचे कारण सांगितले आहे का? पाणी, पीक, कचरा, मोकाट कुत्री यांचा उल्लेख आहे का?
३. सुचवलेला उपाय कुणाच्या खर्चाने आणि कुणाच्या जिवावर होणार आहे?
४. दृश्य कुठे आणि कधी टिपले, ते कळते का?

आपण काय करू शकतो?

विहारात किंवा समाजमंदिरात महिन्यातून एकदा असा माहितीपट दाखवा आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवा. ऊसतोड मजुरांना बोलवा, वनरक्षकालाही बोलवा. दुसरे, मोबाईलवर दहा मिनिटांचा माहितीपट स्वतः करा. तोडणीच्या वेळी उसात पिल्ले सापडली की वनविभाग आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे लोक ती पुन्हा आईकडे कशी पोहोचवतात, रात्रीच्या वीजपुरवठ्याचे वेळापत्रक काय आहे, वस्तीवर किती घरांना संडास नाही, हे सगळे विषय आहेत. बिबट्यामागे बॅटरी घेऊन धावू नका. दुःखात असलेल्या घरात परवानगीशिवाय कॅमेरा नेऊ नका. आणि जागा, तारीख माहीत नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका.

दिवसा वीज आणि फडावर सुरक्षित निवारा या मागण्यांचे निवेदन तहसीलदारांना देताना सोबत असा दहा मिनिटांचा पुरावा असेल, तर ते बाजूला ठेवणे अवघड जाईल.