गाड्यांचा तांडा निघण्यापूर्वी

दसरा झाला की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, पाथर्डी या भागांत एकच गडबड उडते. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयत्यांना धार लागते. कारखाना सुरू होण्याआधी ऊसतोडीच्या टोळ्यांना फडावर पोचायचे असते. फार लांब जाणाऱ्या टोळ्या आता मालमोटारीत अगर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. पण बैलगाड्या हाकीत, वाटेत मुक्काम करीत जाणारे तांडेही आहेत. हा धडा त्यांच्यासाठी आहे.

गाडीवान पुढे बघतो. बैलही पुढे बघतात. धोका मात्र मागून येतो.

बैलगाडी तासाला ३-४ किलोमीटर चालते. मागची मालमोटार तासाला ६० किलोमीटर येते. आता हिशेब करू. ६० किलोमीटर म्हणजे ६०,००० मीटर. एका तासाचे सेकंद ३,६००. भागाकार करा. दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर! एक टाळी वाजवेपर्यंत मोटार तीन बैलगाड्यांची लांबी मागे टाकते. ड्रायव्हरने गाडी पाहिली, पाय ब्रेकवर नेला, इतक्यात एक सेकंद गेला. मोटार थांबेपर्यंत ५० मीटरहून जास्त अंतर जाते. माल भरलेला असेल तर आणखी. आणि काळपट लाकडाची गाडी अंधारात त्याला ३०-४० मीटरवर येईपर्यंत दिसतच नाही. मग तो कितीही भला माणूस असला तरी काय करील?

म्हणून गाडीच्या पाठीला चकाकणारी पट्टी लावावी. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. मोटारीचा उजेड पट्टीवर पडला की तो ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे परत फिरतो. तिला तेल नको, बॅटरी नको. शंभर मीटरच्या पलीकडूनही ती चमकते. मागे तांबडी लावा, पुढे पांढरी. मागच्या दोन्ही कडांना लावा, बरं का. मधोमध एकच लावली तर लांबून सायकल चालल्यासारखे वाटते. चिखल उडाला की पट्टी आंधळी होते. रोज मुक्काम सोडताना ती ओल्या फडक्याने पुसावी.

हंगामात काही कारखाने आणि पोलीस अशा पट्ट्या मोफत लावून देतात. पण ते बहुधा फडावर पोचल्यावर. वाट तर त्याआधीच तुडवायची असते. तेव्हा पट्टी घरूनच लावून निघा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावायला आपल्याकडे पैसे निघतात. मग या पट्टीला का निघू नयेत, हे आम्हांला कळत नाही.

"रात्री गारवा असतो, बैल दमत नाहीत," असे जुने गाडीवान सांगतात. ते खरे आहे. पण ती रीत रस्त्यावर मोटारी नव्हत्या तेव्हाची. आता उजाडल्यावर जुंपावे आणि दिवस मावळण्याआधी सोडावे. १९६५ साली सरकारने ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम केले. दिवसात ९ तासांहून जास्त जुंपू नये. विसावा न देता सलग ५ तासांहून जास्त चालवू नये. उष्मा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपूच नये. सहा-सात तासांत २० किलोमीटर वाट होते. १५० किलोमीटर जायचे तर आठ दिवस धरा. मुकादम घाई करील. त्याला हा हिशेब निघण्याआधीच मांडून दाखवा. मग चार दिवस आधी निघता येते.

बैलांना लाळ्या-खुरकूत आणि लंपी यांच्या लसी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी टोचून घ्या. आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. लस अंगी लागायला वेळ लागतो. नाल बघा. चाकांची हवा, कणा, वंगण, दोर बघा. सामान भरताना पाठीमागे जास्त वजन झाले तर गाडी उलाळ होते. मग जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरले तर सगळा भार मानेवर येतो. तेव्हा जड पेट्या चाकांच्या वर ठेवाव्या.

मुक्काम रस्त्याच्या कडेला नको. आत, शेताच्या बांधापलीकडे उतरा. चाकांना दगड लावा. दमलेली माणसे सडकेच्या कडेला गाडीखाली पोरे घेऊन निजतात. मागून येणाऱ्या मोटारीला ती दिसत नाहीत. चूल कडब्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा. चालत्या गाडीत मुले मागे पाय सोडून बसू देऊ नका.

टोळीत कोणी बाई गरोदर असेल तर आशाताईंना निघण्याआधी भेटा. दवाखान्याचे कार्ड बरोबर घ्या. दिवस भरत आले असतील तर तिला गाडीवर चढवू नका. टोळी थांबत नाही हे आम्ही जाणतो. पण बाळंतपणही रस्त्यासाठी थांबत नाही.

आता एक काम तुमच्या हातचे. कागद घ्या. टोळीतल्या प्रत्येकाचे नाव, वय, गाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. खाली हे आकडे लिहा : माणूस आजारी किंवा जखमी झाल्यास १०८, जनावर आजारी पडल्यास १९६२, पोलिसांची मदत हवी असल्यास ११२. कागदाच्या दोन प्रती करा. एक मुकादमाजवळ राहील, दुसरी गावी घरी. मुकादमालाच लिहू द्या असे म्हणू नका. तुम्हांला लिहिता येते.

फडावर पोचल्यावर ऊस भरलेल्या गाडीची मागची पट्टी उसाच्या वाढ्यांनी झाकली जाते. तेव्हा तांबडी पट्टी फळीवर ठोकून ती उसाच्या टोकाला दोरीने टांगावी.