तळपायातला गोळा

सातारच्या यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉनच्या दिवशी उताराच्या बाजूला उभं राहावं. चढ दमानं काढलेला एखादा गडी परतीच्या वाटेवर अचानक लंगडतो, कठड्यावर टेकतो आणि घाईघाईनं बूट-मोजा ओढून काढतो. अंगठा खाली वळलेला, शेजारचं बोट त्याच्यावर चढू पाहतंय, तळव्याची कमान टणक झालेली आणि कातडीखाली स्नायू वळवळताना डोळ्यांना दिसतोय. भोवती जमलेले लगेच सांगू लागतात : मीठ कमी पडलं, पाणी प्या, केळं खा. सगळे मनापासून सांगत असतात. पण गोळा मुख्यतः दमलेल्या स्नायूमुळे येतो, हे क्वचितच कोणी सांगतं.

मिठाची समजूत उगाच आलेली नाही. 1920 च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत उकाड्यात घामाघूम होऊन राबणाऱ्या, वर नुसतंच पाणी पिणाऱ्या कामगारांना पेटके येत. पाण्यात मीठ घालून दिल्यावर त्यांना आराम पडे. तिथून मीठ आणि पेटका यांची जोडी पक्की झाली. पण खाणकामगाराचं अंग ठिकठिकाणी आखडायचं. धावणाऱ्याचा मात्र एकच तळवा किंवा एकच पोटरी धरते. रक्तातलं मीठच घटलं असतं, तर दुसरा पाय कसा काय सुटला?

दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस यांनी 1997 मध्ये वेगळं स्पष्टीकरण मांडलं. स्नायूत ताण मोजणारी दोन यंत्रणा असतात. एक ‘आवळ’ म्हणते; दुसरी, स्नायूच्या कंडरेतली, ‘पुरे, सोड’ म्हणते. स्नायू थकला की पहिलीचा जोर वाढतो, दुसरीचा आवाज क्षीण होतो आणि आवळलेला स्नायू सुटतच नाही. पुढे श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी केपटाउनच्या 56 किलोमीटरच्या ‘टू ओशन्स’ शर्यतीतल्या धावपटूंचं रक्त तपासलं. गोळा आलेले आणि न आलेले यांच्या क्षारांत किंवा शरीरातल्या पाण्यात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा म्हणावा असा फरक निघाला नाही. वाद पूर्ण मिटलेला नाही. ज्यांच्या टोपीवर, बनियनवर घामाचे पांढरे डाग उमटतात, त्यांनी लांब पल्ल्यात मीठ-साखर-लिंबाचं पाणी जरूर घ्यावं. पण सगळा भरवसा त्यावर नको.

मग तळवाच का धरतो? तळपायात लहान स्नायूंचे चार थर असतात. कमान तोलणं, अंगठ्यानं जमीन मागे ढकलणं हे त्यांचं काम, आणि बुटात वाढलेल्या पायाला त्याची सवयच राहिलेली नसते. त्यात पुढून निमुळता बूट, करकचून बांधलेली नाडी. उतारावर तर पाय पुढे घसरू नये म्हणून बोटं बुटाचा तळ नकळत धरून ठेवतात. आधीच आखडून राहिलेला स्नायू पुन्हा पुन्हा आवळला जातो, आणि गोळ्याला नेमकी हीच स्थिती लागते. शर्यतीच्या जोशात सरावापेक्षा जास्त वेग धरला की संकट आणखी लवकर येतं.

2010 मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात पेटका आणला होता तो पायाच्या अंगठ्याच्याच स्नायूत, विजेच्या सौम्य धक्क्यांनी. घाम गाळून आलेल्या तरुणांना काकडीच्या लोणच्याचं खारट-आंबट पाणी थोडंसं पाजलं, तर साध्या पाण्यापेक्षा गोळा बराच लवकर सुटला. इतक्या थोड्या वेळात ते रक्तात उतरणं शक्यच नव्हतं. घशाला बसलेल्या आंबट झटक्यानंच मज्जातंतूंना आवरलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. आपल्या लिंबाच्या लोणच्याचा खार हेच करील का, हे कुणी तपासल्याचं माझ्या वाचनात नाही. तेल-तिखटाचा घोट धावताना पोटालाही मानवणार नाही.

केळं न्याहारीला उत्तमच. पण गोळा आल्यावर खाल्लेलं केळं पचून रक्तात पोचायला अर्धा तास तरी हवा. तोवर गोळा आपोआप गेलेला असतो. भीतीपोटी पाणी ढोसणं तर घातकच. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलं होतं, आणि त्यामागचं एक मोठं कारण अति पाणी पिणं हे होतं. तहान लागेल तसं प्यावं.

खरी तयारी घरातच होते. जमिनीवर पाय टेकून, बोटं न दुमडता, चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची आणि काही क्षण धरायची. पहिल्या दिवशी कमान हलतसुद्धा नाही. चिकाटी ठेवली तर काही आठवड्यांत जमते. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकेकावर. घरात अनवाणी चालणं. मधुमेहामुळे पाय बधिर असेल, तर मात्र हे नको. घाटाची शर्यत असेल तर सरावात उतार हवाच, कारण सपाट रस्त्यावरची किलोमीटर तिथे कामी येत नाहीत. बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्यावेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. नव्या पातळ तळाच्या बुटांवर एकदम मोठं अंतर काढू नये.

गोळा आलाच तर थांबावं. टाच धरून अंगठा आणि बोटं हळूहळू नडगीकडे ओढावीत, अर्धा मिनिट तशीच धरावीत. या ताणानं ‘सोड’ म्हणणारी यंत्रणा पुन्हा जागी होते. झटका द्यायचा नाही. मग नाडी सैल करून थोडं चालावं आणि आखूड पावलांनी पुन्हा सुरू करावं.

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल तर तो गोळा नव्हे, तळव्याच्या पडद्याची सूज असू शकते. एकच पोटरी सुजून दुखत असेल, धावल्यानंतर लघवी काळसर येत असेल, किंवा कोलेस्टेरॉलची अथवा लघवी वाढवणारी गोळी सुरू झाल्यापासून पेटके वाढले असतील, तर पुढची धाव डॉक्टरांना दाखवल्यावरच.