सोनोग्राफीच्या स्क्रीनवर काळं दिसलं? आधी आपण कुठे उभे होतो ते आठवा

देगलूर, किनवट, मुखेडचे पेशंट नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येतात. उदगीर, निलंगा, औशाकडचे लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जातात. पेशंटसोबत अम्मी, खाला, भाऊ असतातच. सोनोग्राफीच्या खोलीत कुणाला जाऊ दिलं, तर त्याची नजर स्क्रीनवरच असते. बाहेर येताच घरी फोन जातो, "आत काहीतरी काळं दिसलं." आणि रात्रभर घरात कुणाला झोप लागत नाही.

पण डॉक्टर स्क्रीनच्या अगदी समोर बसलेले असतात. पेशंट आडवा, नातेवाईक बाजूला. एकच स्क्रीन, तरी तिघांना दिसणारं चित्र सारखं असेलच असं नाही.

याचं कारण स्क्रीनच्या बनावटीत आहे. एलसीडी स्क्रीनमध्ये मागे दिवा असतो आणि पुढे लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर. या थरातले रेणू फिरून प्रकाश कमी-जास्त सोडतात. हा सगळा हिशोब समोरून पाहणाऱ्यासाठी बसवलेला असतो. बाजूने पाहिलं की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश थरातून तिरपा येतो आणि हिशोब बिघडतो. काळा राखाडी होतो, पांढरा मळकट दिसतो, रंग फिके पडतात. टीएन प्रकारच्या स्वस्त स्क्रीनवर खालून पाहिलं, तर चित्र कधी फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटंही दिसतं. १९९० च्या दशकात जपानच्या हिताची कंपनीने आयपीएस स्क्रीन बाजारात आणले. त्यात रेणू काचेला समांतर फिरतात, म्हणून बाजूने पाहिल्यावर फरक बराच कमी पडतो. पूर्ण जात नाही.

एक्स-रे, सीटी स्कॅनमध्ये सगळा खेळ राखाडी छटांचा. फुफ्फुसातला बारीक डाग आणि निरोगी भाग यांत छटेचा फरक थोडाच असतो. म्हणून तपासणीसाठीचे मॉनिटर डायकॉम नावाच्या मानकाप्रमाणे जुळवलेले असतात आणि डॉक्टर ते मंद उजेडात, समोर बसून पाहतात.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोनोग्राफीत पाणी काळंच दिसतं. भरलेली लघवीची पिशवी, पित्ताशय, गर्भाभोवतीचं पाणी, सगळं काळं. काळं म्हणजे आजार नव्हे. तसंच डॉप्लरमधला लाल-निळा रंग चांगलं-वाईट रक्त दाखवत नाही. साधारणपणे यंत्राच्या दांडीकडे येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवतात.

खरा धोका उलट बाजूचाही आहे. स्क्रीनचा तिरपा फोटो काढून हैदराबाद-पुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. त्यात कोनाचा दोष येतो, आडव्या-उभ्या लहरी येतात, वर फाइल दाबली जाऊन बारकावे जातात. "फोटोत तर काही दिसत नाही" म्हणून कुणी उपचार लांबवले, तर नुकसान पेशंटचं.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल, तर रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट आणि मूळ फिल्म किंवा सीडी मागून घ्या. मोबाइलवरून पाठवायचंच असेल, तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि स्क्रीनवर काही दिसून मनात शंका आली, तर घरी फोन लावण्याआधी तिथेच डॉक्टरांना विचारा.