लॅपटॉपचे वाय-फाय अचानक बंद पडते तेव्हा

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतील मुले-मुली आज आखातात, जहाजावर किंवा अन्य परदेशी नोकरीस आहेत. त्यांचे दर्शन आई-वडिलांना घडते ते पडद्यावरच. २०२० साली चर्चची दारे बंद राहिली तेव्हा घरोघरी पवित्र मिस्साही पडद्यावर पाहिली गेली, आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध व आजारी बांधव आजही ती तशीच पाहतात. वेदीभोवती जमण्याला हा पर्याय नव्हे, हे खरेच. परंतु ज्यांना घराबाहेर पडणेच अशक्य आहे त्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. म्हणूनच एखाद्या रविवारी सकाळी लॅपटॉपवरील वाय-फाय बंद पडले की घर अस्वस्थ होते. मग ‘लॅपटॉप गेला’ असा निवाडा होतो आणि नव्या यंत्राचा हिशेब सुरू होतो. आमच्या मते हा निवाडा फार घाईचा असतो.

इंटरनेट आपल्यापर्यंत तीन टप्प्यांनी पोहोचते. बाहेरून येणारी तार राऊटरपर्यंत येते, राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत रेडिओलहरींचा प्रवास होतो, आणि शेवटी लॅपटॉपमधील वाय-फाय कार्ड व त्याला चालवणारी प्रणाली त्या लहरी ग्रहण करते. यांपैकी कोणता टप्पा तुटला आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी घरातील मोबाईल फोन पुरेसा आहे. फोनचा मोबाईल डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडावा. डेटा बंद करण्यास विसरू नये, नाहीतर फोन गुपचूप आपल्या सिमकार्डावरून इंटरनेट घेईल आणि परीक्षाच फसेल. फोनवरही काही उघडत नसेल तर लॅपटॉप निर्दोष आहे. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा आणि तरीही त्यावरील लाल दिवा जात नसेल तर जोडणी देणाऱ्यास बोलवावे.

फोनवर सारे सुरळीत असेल तर लॅपटॉपकडे वळावे. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फाय बंद-सुरू करणारी एक छोटी सरकती कळ असे. नव्या यंत्रांत ते काम वरच्या रांगेतील, विमानाचे किंवा अँटेनाचे चित्र असलेल्या कळीकडे असते. धूळ पुसताना किंवा नातवंडांच्या खेळात ती सहज दाबली जाते. पडद्याच्या कोपऱ्यात विमानाचे चिन्ह दिसत असेल तर तेथेच उत्तर मिळाले, असे समजावे.

कधी फोनला जे वाय-फाय दिसते ते लॅपटॉपच्या यादीतच नसते. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालते, आणि पुष्कळशा जुन्या लॅपटॉपना केवळ पहिलाच पट्टा कळतो. नवा राऊटर बसविताना तो पट्टा बंद राहिला असेल तर तो राऊटर अशा लॅपटॉपला अदृश्यच असतो. दोन्ही पट्ट्यांचा स्वभावही भिन्न आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकणारा. २.४ अधिक दूर जातो. परंतु तेथे शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी अशी गर्दी असते. एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच वापरल्या जातात. जुन्या धर्मगुरूनिवासांच्या जाड भिंती आणि नव्या इमारतींतील सळयांचे काँक्रीट, दोन्ही लहरींना अडवतात. राऊटर पोलादी कपाटात किंवा टीव्हीमागे लपवून न ठेवता घराच्या मध्याजवळ, उंचावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

वाय-फाय जोडलेले दिसते, पण एकही पान उघडत नाही, असेही होते. अशा वेळी जोडणीच्या माहितीत लॅपटॉपचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. जतन केलेले ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने घातल्यास बहुधा काम होते. घड्याळाकडेही एक दृष्टी टाकावी. आतील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरून ती उघडत नाहीत. दोष घड्याळाचा आणि बोल मात्र वाय-फायला!

लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवल्यावर जोडणी हरवत असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वाय-फाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरील, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढावी. विंडोज अद्ययावत झाल्यानंतर बिघाड झाला असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. पण इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून? फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून ‘टेदरिंग’ सुरू करावे; फोनचे इंटरनेट लॅपटॉपला मिळते.

एक दोष मात्र आतलाच असतो. वाय-फायच्या अँटेना सहसा पडद्याच्या चौकटीत बसवलेल्या असतात आणि त्यांच्या केसासारख्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत जातात. वर्षानुवर्षांच्या उघडझापीने त्या झिजतात. पडदा बदलताना कधी त्या पुन्हा जोडायच्याच राहून जातात. राऊटरशेजारी बसूनही लहरी क्षीण दिसणे, किंवा पडद्याचा कोन बदलताच त्या कमी-जास्त होणे, ही त्याची खूण. कार्डच निकामी झाले असेल तरी यूएसबीला लावायचे छोटे वाय-फाय उपकरण काही शे रुपयांत मिळते.

दुकानात जावेच लागले तर ‘फोनवर वाय-फाय चालते, यूएसबी केबलने लॅपटॉपवर इंटरनेट येते, केवळ वाय-फाय चालत नाही’ असे कारागिरास स्पष्ट सांगावे, म्हणजे तो कार्ड व तारा आधी पाहील. विंडोज नव्याने टाकावे लागेल, असे तो म्हणाला तर होकार देण्यापूर्वी कुटुंबाची छायाचित्रे, स्नानसंस्काराचे व विवाहाचे दाखले, मुलांची कागदपत्रे यांची प्रत पेनड्राईव्हवर काढून घ्यावी.