दणकट घड्याळ पाठीकडून ओळखावं

घड्याळाच्या पाठीवर ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ असं कोरलेलं दिसलं, की माणूस ते हातात घालून बिनधास्त विहिरीत सूर मारतो. उन्हाळ्यात अशी घड्याळं माझ्याकडे येतातच. काचेला आतून वाफ धरलेली, काटे थांबलेले आणि मालकाचा एकच सवाल, “तीस मीटर लिव्हलंय की वो मामा, आमच्या हिरीत तर दोन परस पाणीबी न्हाय.”

मंद्रूपच्या बाजारपेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. सोलापूरहून विजापूरला जाणारा रस्ता गावाला लागूनच जातो, त्यामुळे गिऱ्हाईक मराठी-कानडी दोन्ही भाषांत भांडतं. ऊसवाले, द्राक्षवाले, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं आणि हल्ली सुट्टी लागली की सह्याद्रीत गड चढायला जाणारी कॉलेजची मंडळी. सगळ्यांना घड्याळ ‘दणकट’ पाहिजे असतं. दुकानदार त्यांना डायल दाखवतो. माझ्या हातात मात्र ते पालथं येतं, म्हणून मी ते पाठीकडून ओळखायला शिकलो.

तर ते तीस मीटर. ते खोलीचं माप नव्हे. तीस मीटर पाण्याच्या वजनाइतका स्थिर दाब देऊन कोरं घड्याळ तपासतात, त्याचा तो आकडा. या तपासणीचं आयएसओ २२८१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात एकूणएक नग तपासण्याची सक्ती नाही, नमुने तपासले तरी भागतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. तिथे किमान १०० मीटरची क्षमता लागते आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाला उतरावं लागतं. व्यवहारात मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो: ३० मीटर म्हणजे हात धुवा, पावसाचे चार थेंब पडू द्या. ५० मीटर म्हणजे पावसात भिजा. विहीर, ओढा, नदी करायची असेल तर १०० मीटरच्या खालचं घेऊ नका. ‘१० बार’ लिहिलं असलं तरी अर्थ तोच.

आता पाणी आत शिरतं कुठून? पाठीचं झाकण उघडलं की कडेच्या खाचेत काळ्या रबराचं एक कडं दिसतं, शेवईएवढ्या जाडीचं. आम्ही त्याला वायसर म्हणतो. नवं असताना ते बोटाने दाबलं तर दबतं आणि पुन्हा फुगतं. काही वर्षं घाम, साबण आणि ऊन खाल्लं की ते चपटं होतं, आणि चिमट्याने उचलायला जावं तर तुकडे हातात येतात. दुसरी वाट चावीची. चावी ओढून बघा. तिच्या दांडीवरही असंच, पण बारीक कडं असतं. पाण्याने मेलेल्या घड्याळात ही दांडी बहुतेक वेळा तांबूस गंजलेली असते. याचा अर्थ पाणी एका दिवसात आलेलं नसतं, घाम महिनोन् महिने झिरपत असतो. विहिरीतल्या उडीवर निव्वळ आळ येतो.

आपल्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. बांधावर उन्हात तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि सैल पडलेल्या वायसरमधून ओल आत ओढली जाते. पाण्यात असताना बटण दाबलं तर आणखी सोपं. ज्या घड्याळाची चावी आट्यांवर फिरवून घट्ट बसते, ते अशा ठिकाणी बरं. पण चावी घट्ट फिरवायची सवय गिऱ्हाइकाला पाहिजे.

सेल बदलताना वायसर बघायला सांगा, हा सगळ्यात स्वस्तातला विमा. रस्त्यावर सुरीच्या टोकाने झाकण उचकटून सेल टाकून देतात. वायसर पिळवटून खाचेबाहेर आलेला असला तरी झाकण वरून दाबून बसवतात. घड्याळ चालू झालं, गिऱ्हाईक खूश. त्या क्षणापासून पाठीवरच्या १०० मीटरला काही अर्थ उरत नाही. दाब तपासायचं यंत्र माझ्याकडेही नाही, म्हणून पोहण्याचं घड्याळ असेल तर मी सेल न बदलता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. धंद्याला ते परवडत नाही, पण पुन्हा भांडण तरी होत नाही.

मार लागण्याचा मामला निराळा. जुन्या चावीच्या घड्याळात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे बॅलन्स-चाकाचा दांडा. त्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास बारीक असतात, आणि घड्याळ फरशीवर पडलं की पहिली तीच मोडतात. त्यासाठी टोकाखालच्या खड्याला स्प्रिंगचा आधार देण्याची युक्ती निघाली. ‘एचएमटी जनता’च्या डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं ते हेच. बंगळूरच्या एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं काढायला सुरुवात केली, आणि पुढे आपल्याकडे लग्नात जावयाला, नोकरी लागल्यावर पोराला एचएमटीच मिळू लागली. त्याआधी मुंबईमार्फत येणाऱ्या ‘वेस्ट एंड’ आणि ‘फेवर ल्युबा’चा तोरा होता. सरकारने २०१६मध्ये एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, तरी माझ्याकडे आजही ‘जनता’ आणि काळ्या डायलची ‘पायलट’ येतात. रोज घाला, ऑफिसला घाला, देवदर्शनाला घाला. पण गडावर नको. पाण्यापासून त्यांना फारसं संरक्षण नाही, आणि ऑनलाइन विकली जाणारी कितीतरी ‘नवी पायलट’ चार घड्याळांचे भाग जुळवून, डायल पुन्हा रंगवून केलेली असतात.

मार खाणाऱ्या घड्याळाचा खरा विचार कॅसिओच्या किकुओ इबे यांनी केला. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं, म्हणून न फुटणारं घड्याळ करायचं त्यांच्या मनाने घेतलं. १९८१मध्ये काम सुरू झालं तेव्हा अट होती तीन दहांची: दहा मीटरवरून पडून टिकावं, दहा बार दाब सोसावा, सेल दहा वर्षं चालावा. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून नमुने खाली टाकत टाकत दोनशेच्या घरात नमुने झाले. बागेत एक मुलगी चेंडू आपटत होती, तो बघून त्यांना सुचलं की चेंडूच्या मध्यभागी धक्का पोचत नाही. मग मशीनच आत तरंगतं ठेवलं, मोजक्या टेकूंवर. १९८३मध्ये जी-शॉक बाजारात आलं. त्याचं झाकण उघडलं की मशीनभोवती रबराची गादी दिसते, आणि बाहेरचं जाड कडं काच व बटणांच्या वर आलेलं असतं, म्हणजे पडताना जमीन आधी कड्याला भिडते. कुठल्याही कंपनीचं घड्याळ घेताना ही उंच कड बघावी. काच कडेपेक्षा वर आलेली असेल तर तिच्यावर चरे पडणारच.

चऱ्यांचं कारण लोखंड नसतंच बहुतेकदा, धूळ असते. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते साध्या खनिज काचेपेक्षा कठीण. घड्याळ सदऱ्याच्या टोकाने पुसलं की तेच कण काचेवर घासले जातात. आधी पाण्याने धुवा, मग पुसा. सफायर काचेला धूळ काही करू शकत नाही, पण ती महाग, आणि दगडावर नेमकी आपटली तर तडकते. जुन्या एचएमटीची प्लास्टिकची काच सगळ्यात लवकर खराब होते आणि टूथपेस्टने घासून सगळ्यात लवकर लख्खही होते.

मशीन क्वार्ट्झचं घ्यावं की ऑटोमॅटिक, यावर पोरं माझ्याशी वाद घालतात. ऑटोमॅटिकचा थाट मला आवडतो, माझी अर्धी भाकरी त्यावर आहे. पण ते दिवसाला वीस-तीस सेकंद पुढेमागे जाऊ शकतं. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि चुकला तर महिन्याला पंधरा-वीस सेकंद. शिवाय मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक ऑटोमॅटिकच्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटवतं आणि घड्याळ पळत सुटतं. गडासाठी क्वार्ट्झ. उन्हावर चालणारं मिळालं तर आणखी उत्तम. ऊन आपल्याकडे उधार आणावं लागत नाही. फक्त ते मोटारसायकलच्या टाकीवर ठेवू नका, अती तापलं की डिजिटल पडदा काळा पडतो.

कॉलेजच्या मंडळींना उंची दाखवणारं घड्याळ हवं असतं. कल्पना जुनी आहे, फेवर ल्युबाने १९६२मध्येच ‘बिवॉक’ नावाचं उंचीमापक असलेलं मनगटी घड्याळ काढलं होतं. असं घड्याळ मोजतं हवेचा दाब. हवा बदलली, पावसाळी ढग आले, दाब उतरला की ते बसल्या जागी माणसाला वर चढवतं. म्हणून निघताना ओळखीच्या उंचीवर लावून घ्यावं; रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती कामाला येते. मग कळसूबाईच्या माथ्यावर १६४६च्या आसपास आकडा आला तर घड्याळ खरं.

आणि तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण शोधायची पुस्तकी युक्ती विसरा. ती थंड मुलखातली, जिथे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो. सोलापूरच्या पट्ट्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा घड्याळ बघून निघालेला माणूस उलट्या दिशेला जाईल.

रात्रीचं मात्र बघून घ्या. शेतीची वीज रात्री येते, मोटार चालू करायला बारा-एकला उठावं लागतं. काट्यांवरचा रंग बॅटरीचा उजेड दाखवून, मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धरून तपासा. डिजिटल असेल तर दिवा लावून आकडे वाचता येतात का बघा, चष्मा काढून.

पट्ट्याबद्दल कोणी विचारतच नाही, आणि घड्याळं हरवतात ती पट्ट्यामुळे. पट्टा ज्या दोन स्प्रिंगच्या पिनांवर असतो, त्यांतली एक तुटली की घड्याळ गेलं. नायलॉनचा एकसंध पट्टा दोन्ही पिनांच्या आतून पाठीखालून जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ हातातच राहतं. ब्रिटिश सैन्याने १९७०च्या दशकात असा पट्टा रूढ केला. धुता येतो, लवकर वाळतो, आणि स्वस्त. चामड्याचा घामाने कुजतो. फवारणी करणाऱ्यांचे प्लास्टिकचे पट्टे माझ्याकडे चिकट होऊन येतात.

मग कुठलं घ्यायचं? भरतीच्या पोरांना मी कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू सांगतो. १९८९चं मॉडेल, वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षांच्या आसपास, १६०० मीटर धावणं मोजायला स्टॉपवॉच. हजार-दीड हजारांच्या आसपास मिळतं. फक्त ते घालून पोहू नका. शेत आणि गड दोन्ही असेल तर १०० मीटरचं, उंच कडेचं क्वार्ट्झ आणि नायलॉन पट्टा. स्मार्टवॉच आवडत असेल तर घ्या, पण दोन मुक्कामांच्या ट्रेकला त्याला चार्जिंग कुठून देणार ते आधी ठरवा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत चारशे-पाचशेला ‘जी-शॉक’ मिळालं, तर छोट्या डायलांवरचे काटे नुसते छापलेले आहेत का एवढं बघा.

एका ठिकाणी मात्र कसलंच घड्याळ नको, दणकट तर अजिबात नको. कडबाकुट्टी आणि मळणी यंत्रावर. पट्टा अडकला आणि तुटला नाही तर हात ओढला जातो. तसंच ट्रॅक्टरची बॅटरी काढताना स्टीलचा पट्टा दोन टोकांना टेकला, तर क्षणात लाल होतो आणि मनगट भाजतं. मळणीच्या दिवसांत घड्याळ घरच्या खुंटीवर असू द्या. ट्रॅक्टरवाल्याच्या तासांचा हिशेब मोबाइलवरही होतो.