अरुंधतीनं एवढं सहन का केलं?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बचत गटाला कुरड्यांची ऑर्डर मिळाली होती आणि आमच्या घरची गच्ची मोठी, म्हणून सगळा पसारा आमच्याकडेच. हिंगण्याचं मे महिन्यातलं ऊन काही विचारू नका. नऊ वाजले की गच्चीवर पाय ठेववत नाही. त्यामुळे पहाटेच चीक शिजवला आणि सहाच्या आत आम्ही सातजणी साचे घेऊन बसलो. हात चालू असले की तोंडही चालूच राहतं आणि बायका जमल्या की मालिकांचा विषय निघतोच!

सुरुवात केली आमच्या शेजारच्या मोठ्या काकूंनी. त्यांच्या मते १९८४-८५ सालच्या 'हम लोग'सारखी मालिका पुन्हा झाली नाही. भाग संपला की अशोककुमार यायचे आणि घरातलं वडीलधारं माणूस बोलावं तसे दोन शब्द सांगायचे. "आता कोन सांगते? आता तं नुसतं ढँण ढँण वाजते अन् सासूच्या तोंडावर तीनदा क्यामेरा!" काकूंनी असा आवाज काढला की हसता हसता माझी कुरडई वाकडी झाली.

मी मात्र 'आभाळमाया'च्या बाजूची. १९९९ साली अल्फा मराठीवर ती सुरू झाली तेव्हा मी बी.ए.ला होते. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी म्हणजे आम्हा मुलींचा आदर्श. शिकलेली, कमावती, आणि नवऱ्याचं मन दुसरीकडे गुंतलं तरी कोलमडून न पडणारी. पुढे लग्न होऊन इकडे आले तेव्हा 'वादळवाट' सुरू होती आणि त्याच काळात भारनियमनही! ऐन रंगात आलं की लाईट जायचे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर, ज्यांच्याकडे लाईट होते त्या बायकांकडून कालचा भाग ऐकायचा. खरं सांगते, कधी कधी ऐकलेला भागच जास्त रंगायचा.

आमच्या गटातल्या शाळेतल्या बाईंचं मत वेगळं. त्या म्हणाल्या, "मालिका चांगली कोणती? जिला संपायचं कळतं ती." त्यांनी उदाहरण दिलं 'उंच माझा झोका'चं. रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची ही मालिका २०१२ साली आली आणि २०१३ साली संपलीसुद्धा. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ती मुलगी घरातल्या बायकांचे टोमणे सोसत लिहा-वाचायला शिकते, आणि पुढे १९१० साली स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहिते. नागपुरात आपण सेवासदन चौक म्हणतो, पण ते सेवासदन हे नाव रमाबाईंच्या कामाशी जोडलेलं आहे, हे आमच्यातल्या दोघींना त्या मालिकेमुळे कळलं. याउलट 'चार दिवस सासूचे' बघा. नाव चार दिवसांचं आणि मालिका चालली २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग! "पण बाई, त्या बारा वर्षांत माही पोरगी सातवीतून लग्नाची झाली," पोस्टातल्या वहिनी म्हणाल्या. "दुपारची भांडी झाली की रोहिणी हट्टंगडी मले घरच्याच वाटे." यावर शाळेच्या बाईंनाही बोलता आलं नाही. सवय झालेल्या माणसाचा हिशेब गुणदोषांवर होत नसतो.

मग अर्थातच राधिका आली. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका म्हणजे आपल्या नागपूरची. २०१६ ते २०२१, साडेचार वर्षं झी मराठीवर आपली भाषा ऐकू येत होती, याचं कौतुक सगळ्यांनाच. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, तरी त्यांनी आपली बोली छान उचलली, असं चौघींचं म्हणणं. "उचलली, पन आपन काय चोवीस तास असं हेल काढून बोलतो का?" हे तिघींचं. त्याहून मोठा वाद मसाल्यांवर झाला. नवऱ्यानं फसवलेली राधिका मसाल्यांचा धंदा काढते आणि बघता बघता कोट्यवधींची मालकीण होते. आमच्या गटाच्या खजिनदार म्हणाल्या, "तिले एकदा आमची कर्जाची वही दाखवा. मिरची महाग झाली तवा आमचं पूर्ण वर्षाचं नफ्याचं पानी झालं. हे मालिकेत नाही दाखवत." खरंच आहे. पण त्याच पुढे म्हणाल्या, की गटात मसाला करायची कल्पना मात्र राधिकाला पाहूनच सुचली होती!

शेवटी गाडी 'आई कुठे काय करते'वर आली. स्टार प्रवाहवर २०१९ च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२४ च्या नोव्हेंबरात ती संपली. मूळ बंगाली 'श्रीमयी', तीच कथा हिंदीत 'अनुपमा' झाली. म्हणजे बंगाल्यातली आई काय नि आपली काय, दुखणं एकच. मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधती केली ती इतकी साधी, की ती नटी वाटतच नसे. पंचवीस वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचं प्रकरण कळतं, ती घटस्फोट घेते, गाणं पुन्हा धरते आणि पुढे दुसरं लग्नही करते. मुलं मोठी असताना आईनं लग्न करावं का, यावर आमच्यात असं रणकंदन झालं की चीक कडक व्हायला लागला.

त्यातच एकजण म्हणाली, "मले तं तिचा रागच ये. एवढी शानी बाई, एवढे वर्षं कायले सहन केलं तिनं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली आमची एक मैत्रीण मान वर न करता म्हणाली, "तुमी अरुंधतीले इचारता. मी अठरा वर्षं झाले मार खातो. मले आजपर्यंत कोनी इचारलं नाही."

एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसचा आवाज तेवढा येत होता. कुणाचाच हात हलेना.

मैत्रिणींनो, ती माझ्या घरापासून चौथ्या घरात राहते. आणि मी गावोगावी महिला मेळाव्यांत कायद्यावर बोलते! तिनं बांगडीच्या वर पदर ओढून घेतलेला मी कितीदा पाहिला होता. उन्हाचं म्हणून असेल, असं समजून घेत होते. अरुंधतीच्या डोळ्यांतलं पाणी मला पडद्यावर दिसलं आणि हिचं गच्चीवर दिसलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

त्या दिवशी काम आटोपल्यावर मी तिच्याजवळ बसले. तिची भीती एकच होती, "घरातून काढलं तं जाऊ कुठं?" तेव्हा तिला सांगितलं ते इथंही सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. घर नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असं बाहेर काढता येत नाही. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. स्त्रीला सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे.

ती लगेच उठली आणि अर्ज केला, असं झालं नाही. तीन आठवडे ती काहीच बोलली नाही. मग एका मंगळवारी दारात येऊन म्हणाली, "चाल, नुसतं इचारून येऊ." आम्ही विचारून आलो. कागद तिच्या ट्रंकेत आहे, त्यावर सही अजून व्हायची आहे. पण घरी तिनं एवढं सांगून टाकलं, की आता मी एकटी नाही, गटाच्या बाया माझ्या सोबत आहेत. हात उगारणं त्यानंतर थांबलं आहे, असं ती म्हणते. मी रोज संध्याकाळी चक्कर मारते. हे लिहू का, असं तिलाच विचारलं. "लिही, नाव नको," म्हणाली.

कोणती मालिका सर्वांत चांगली, हा आमचा वाद काही मिटला नाही, मिटायचाही नाही. पण अरुंधतीनं त्या दिवशी आमच्या मैत्रिणीचं तोंड उघडलं, म्हणून माझं मत मी आता बदललं आहे. यंदा तुमच्याकडे वाळवणं पडतील, मालिका निघतील, भांडाभांडी होईल. तेव्हा एकदा नजर फिरवा. कोण बोलत नाहीये, ते बघा आणि तिच्या शेजारी जाऊन बसा.